ग्लेनकोची फेरतपासणी

चिटणीस सरांनी स्कॉटलंड अकरा दिवसांत पाहिलं आणि शेहेचाळीस रविवारांत सांगितलं. एका रविवारी एक दिवस, असा नेम होता. मी गणिताचा मास्तर आहे, त्यामुळे हे जुळत नाही एवढं मला कळतं. शिवाय त्या अकराही दिवस मी त्यांच्याबरोबर होतो.

सर देवासच्या सरकारी शाळेत भूगोल शिकवत. मी त्याच शाळेत आधी त्यांचा विद्यार्थी होतो आणि पुढे सहकारी झालो, पण त्यांच्या लेखी माझी ही बढती कधी झाली नाही. त्यांच्या घराण्यात कोणीतरी दरबारात कागद लिहायला होतं, मी मराठी फौजेबरोबर माळव्यात आलेल्या शिर्क्यांपैकी. आता दोघंही पेन्शनच्या एकाच रांगेतले. सर उंच, किडकिडीत. बारा महिने हातात काळी छत्री आणि मोज्यांवर सँडल. बोलताना ते समोरच्याकडे बघत नसत, त्याच्या खांद्यावरून पलीकडे जमिनीला कुठे उतार आहे ते बघत. कुठलीही उंची 'समुद्रसपाटीपासून' हा शब्द लावल्याशिवाय त्यांच्या तोंडून निघत नसे. माझ्या मुलीच्या लग्नात स्टेजवर चढताना पाय घसरून पडले, तेव्हा मी विचारलं की फार उंचावरून पडलात का. ते म्हणाले, "समुद्रसपाटीपासून म्हणशील तर बरंच."

आणि त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "नोंद करा." वर्गात म्हणत ते ठीक होतं, पण भाजीवाल्यालाही म्हणत. "भिया, नोट करो, कल की भिंडी कडक थी." तो भाजीवाला खरंच मान डोलावून नोट केल्यासारखं करी.

धारचे अप्पा राजोपाध्ये सरांना भेटले ते इंदूरच्या तपासणी केंद्रावर. बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासायला दोघंही जात. सर साधे परीक्षक, अप्पा मुख्य परीक्षक. खातेगावच्या कुणा मुलीनं हिमनदीनं कोरलेल्या दरीचं दीड पान वर्णन लिहिलं होतं. त्यात धबधबे होते, मेंढ्या होत्या, वारासुद्धा होता. सरांनी दहापैकी नऊ दिले. अप्पांनी ते लाल पेन्सिलीनं खोडून सहा केले आणि समासात हिंदीत शेरा मारला की हे पाहिलेलं नाही. सर उत्तरपत्रिका घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले.

"राजोपाध्ये, खातेगावच्या मुलीनं हिमनदीची दरी बघायची कुठं?"

"बघितली नाही याला माझी हरकत नाही. बघितल्यासारखं लिहिलंय, त्याचे तीन कापले."

"तुम्ही पाहिली आहे?"

अप्पांनी चष्मा काढून पुसला. "नाही."

"मीही नाही. आणि आपण दोघं वीस वर्षं फळ्यावर काढतो आहोत."

मग दोघं चहाला गेले, आणि तिथंच ठरलं की जाऊन बघायची. मधे दोघांच्या मुलींची लग्नं, तीन मोतीबिंदू आणि दोघांच्या बायकांची आजारपणं झाली. दोघीही गेल्या. ठरलेलं मात्र मोडलं नाही. मी एकदा सरांना विचारलं होतं की हिमनद्या हिमालयात आहेत, स्कॉटलंडला कशाला जायचं. ते म्हणाले, "पुस्तकात चित्र ग्लेनकोचं आहे."

इंदूरहून जाणाऱ्या एका टूरमध्ये तिघांच्या जागा काढल्या. तिसरा मी, कारण तिघांत एक खोली मिळत होती आणि मला रात्री घोरायची सवय नाही. निघायला तीन आठवडे राहिले आणि अप्पांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीभ जड झाली, पण डोकं होतं तसं राहिलं. सर दवाखान्यात कॉटजवळ उभे राहून म्हणाले की मी तिकीट रद्द करतो. अप्पांनी डावा हात हलवला.

"तुम्ही जा. आल्यावर एकेक दिवस सांगा. घाई नको. आणि चिटणीस, पुस्तकातलं सांगू नका."

सहलीचं काय सांगू. पस्तीस माणसांची बस होती आणि त्यातली बत्तीस माळव्यातली. सकाळी हॉटेलात ओट्सची लापशी मिळायची. पहिल्या दिवशी सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, दुसऱ्या दिवशी तिच्यावर शेव पडली आणि तक्रार मिटली. सर सगळं देवासच्या मापानं मोजत होते. एडिंबरोचा किल्ला बघून म्हणाले, "आपली टेकडीच आहे, फक्त वर माता नाही." त्या शहराचा जुना भाग वेगळा आणि नवा वेगळा असं गाइडबाईनं सांगितलं, तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "देवास सीनियर, देवास जूनियर." एका शहरात दोन गाद्या असणं त्यांना मुळीच नवलाचं वाटलं नाही. लॉख नेसच्या काठावर सगळे राक्षस दिसतो का ते बघत होते. सरांनी खाली वाकून औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून घेतलं. आमच्या लोकांत काशीहून आणलेली गंगा मावंदं, म्हणजे परतल्यावरची पूजा आणि जेवण, होईपर्यंत उघडत नाहीत, आणि मावंदं होईपर्यंत यात्रा पुरी झाली असं मानत नाहीत. त्यांनी तोच नियम या पाण्याला लावला.

नवव्या दिवशी ग्लेनको होतं. बस पंचवीस मिनिटं थांबणार होती. खाली उतरलो तर समोर पांढरं. धुकं इतकं दाट की रस्त्याच्या कडेचा कठडासुद्धा हात लावून शोधावा लागला. गाइडबाई बसच्या पायरीवरून डावीकडे हात करून दरीचं वर्णन करत होती आणि लोक डावीकडच्या पांढऱ्याचे फोटो काढत होते. सर कठड्याशी छत्री मिटून उभे राहिले. वीस मिनिटं ते हलले नाहीत. मग त्यांनी छत्री काखेत धरली आणि एकदा जोरात टाळी वाजवली. मान तिरकी करून ऐकलं. थोड्या वेळानं टाळी परत आली.

"आहे," ते म्हणाले. "दरी आहे, शिर्के."

बसनं भोंगा वाजवला. इंदूरहून आणलेली शेव तेवढ्यात कुणीतरी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

जुलैपासून आमचे रविवार सुरू झाले. सर आधी बसनं जात, इंदूरला उतरून दुसरी बस पकडत. कंडक्टर त्यांना ओळखू लागला. "बाऊजी, फिर धार?" आणि सर म्हणत, "नहीं, स्कॉटलैंड." पुढे मी माझी गाडी काढू लागलो. अप्पांची कॉट खिडकीशी होती. भिंतीवर दोघांनी मिळून वीस वर्षांपूर्वी चिकटवलेला स्कॉटलंडचा नकाशा होता. सर स्टुलावर बसून नकाशावर छत्रीचं टोक टेकवत आणि सुरुवात करत. अप्पा मधेमधे डाव्या हातानं एका जुन्या वहीत काहीतरी लिहीत. पहिलीतल्या पोरासारखं अक्षर यायचं, म्हणून कुणी बघू लागलं की ते वही उशीखाली सारत. त्यांची सून मीनल चहा आणून देई आणि दारात उभी राहून ऐके.

"सर, तुम्ही इतकं छान सांगता नं, की पासपोर्ट काढायची जरूरतच नाही," ती एकदा म्हणाली. सरांनी तिला नोंद करायला सांगितलं.

नवव्या रविवारी सकाळपासून सर गप्प होते. गाडीत मला म्हणाले, "शिर्के, तू आज काही बोलू नको." एरवी मी बोलत होतो असं नाही. त्यांनी अप्पांना ग्लेनको सांगितलं. दोन्ही बाजूंचे सरळ कडे, सपाट तळ, वरून लोंबणाऱ्या छोट्या दऱ्या, धबधबे, मेंढ्या. सगळं क्रमानं आणि बरोबर. अप्पा डोळे मिटून ऐकत होते. शेवटी त्यांनी वही काढली, थोडंसं लिहिलं आणि ठेवून दिली. "छान," ते म्हणाले. परतताना सर गाडीत एकदाच बोलले. म्हणाले, "वीस वर्षं वाट बघून त्यांना धुकं सांगायचं?" मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि वाईटही वाटलं.

अकराव्या रविवारी सर एडिंबरोच्या विमानतळापर्यंत आले. अप्पांचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. शाळा सुटल्यावर न्यायला कुणी न आलेल्या मुलाचा होतो तसा झाला. सर सामान तपासणीच्या रांगेत उभे होते ते तिथंच थांबले.

"आणि मग," ते म्हणाले, "आम्ही मुक्काम वाढवला."

मी पाणी पीत होतो, ते नाकातून आलं.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "शिर्क्यांना सुट्टी मिळाली?"

"मिळाली," मी म्हणालो. नोकरीत असताना मी कधी खोटी रजा घेतलेली नव्हती, ती ही पहिली.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला सरांचा फोन आला की आज आधी मांडवला जायचं. पावसाळा सरत आला होता. मांडवच्या अलीकडे काकडा खो नावाची खोल दरी रस्त्यालगतच आहे. सर तिथं तासभर उभे राहिले. खाली ढग शिरत होते, पलीकडच्या कड्यावरून पाणी पडत होतं. त्यांनी कणीस भाजणाऱ्या बाईशी गप्पा मारल्या, दगड उचलून वास घेतला, कागदावर चार ओळी लिहिल्या. दुपारी धारला अप्पांनी ऐकलं की बाराव्या दिवशी आम्ही उत्तरेकडच्या एका अनाम दरीत गेलो, तिथं ढग पायाखालून चालतात, आणि एक म्हातारी शेगडीवर काहीतरी भाजत होती, त्याच्या वासानं भूक लागली.

"काय भाजत होती?" अप्पांनी विचारलं.

"तिकडचं एक धान्य."

असे अठ्ठावीस रविवार गेले. खातेगावकडचे गव्हाचे पट्टे स्कॉटलंडचे सातूचे झाले. धरमपुरीला जाऊन आम्ही होडीतून नर्मदा ओलांडली. होडीवाल्यानं सरांना हात धरून बसवलं आणि सगळा वेळ पाण्याची तक्रार सांगितली. संध्याकाळपर्यंत तो पश्चिम किनाऱ्यावरचा तांबड्या दाढीचा नावाडी झाला होता. तक्रार मात्र तीच होती. गंमत म्हणजे ग्लेनको सांगताना सरांचा आवाज वाचून दाखवल्यासारखा होता, आणि हे सांगताना ते मधेच थांबत, आठवत, चूक दुरुस्त करत. अप्पा हसत. धारच्या पलीकडे गेल्या वर्षभरात त्यांना कुणी नेलं नव्हतं.

पण सरांचंही वय अठ्ठ्याहत्तर होतं. होडीतून उतरताना त्यांचा घोटा मुरगळला, मग खोकला झाला, तो राहिलाच. अप्पांना पुन्हा एक छोटा झटका येऊन गेला. चाळिसाव्या रविवारी सरांनी सुरुवात करण्याआधीच अप्पा बोलले. एकेक शब्द वेगळा ठेवत बोलले.

"चिटणीस, पुष्कळ फिरलो. आता घरी जाऊ."

खोलीत आम्ही चौघं होतो आणि चौघांनाही ते काय म्हणताहेत ते कळलं. सरांनी छत्रीचं टोक नकाशावर एडिंबरोला टेकवलं.

"जाऊ," ते म्हणाले. "पण विमान उडत नाही. धुकं आहे."

पुढचे चार रविवार एडिंबरोच्या विमानतळावर धुकं होतं. एप्रिल संपत आला, धारमध्ये कूलरसमोर बसूनही अंगाला घाम होता, आणि सर दर आठवड्याला खुर्च्यांवर झोपलेले प्रवासी आणि संपत आलेली शेव सांगत होते. अप्पा वहीत एकच शब्द लिहीत आणि बंद करत. मीनलनं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"काका, बाहेर त्रेचाळीस डिग्री आहे आणि सरांचं धुकं काही हटून नाही राहिलं. बाबा रोज सकाळी विचारतात, फ्लाइट कधीची आहे. सरांना म्हणा नं, आता नेऊन सोडा त्यांना घरी."

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मला ऐकू येतं, शिर्के." आणि देवासपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

पंचेचाळिसाव्या रविवारी अप्पांची मान उशीवरून उचलत नव्हती. सर स्टुलावर बसले. म्हणाले, "आजही धुकं..."

"ग्लेनकोलाही होतं ना?" अप्पांनी विचारलं.

सरांनी छत्री भिंतीला टेकवून ठेवली. मी ती त्यांच्या अंगावेगळी झालेली प्रथमच पाहिली.

"होतं," ते म्हणाले. "काही दिसलं नाही, अप्पा. पंचवीस मिनिटं उभा होतो. एक दगड दिसला नाही. मी तुम्हाला पुस्तकातलं सांगितलं."

"मग केलंत काय पंचवीस मिनिटं?"

"टाळी वाजवली."

अप्पांनी डोळे उघडले. "मग?"

"आली परत. आधी उजवीकडून, मग डावीकडून. दोन्ही कडे सरळ असणार. आणि तळ सपाट, नाहीतर इतकी स्वच्छ आली नसती."

"रुंदी?"

"मोजली नाही. घड्याळ मनगटावर होतं, सेकंद मोजायचं सुचलं नाही. तुम्ही असतात तर मोजली असती."

अप्पा म्हणाले, "वाजवा." सरांनी त्या खोलीत टाळी वाजवली. अप्पांनी मान तिरकी केली, जमली तेवढी. "आता धुकं हटलं असेल," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी विमान उडालं. सरांनी अप्पांना खिडकीजवळची जागा दिली. एडिंबरोची टेकडी खाली गेली, समुद्र गेला, वाळवंट गेलं. इंदूरला उतरल्यावर टॅक्सीवाल्यानं पोह्याला गाडी थांबवली. मग घाटाबिल्लोद गेलं, मग धारचा किल्ला दिसू लागला, आणि आम्ही अप्पांच्या दारात उतरलो. मीनलनं खरोखर दार उघडून धरलं होतं. तिनं पुरण घातलं होतं. सरांनी बाटली पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं आणि मावंदं झालं. पाणी वर्षभराचं जुनं म्हणून मीनलनं आधी उकळून घेतलं होतं. अप्पांच्या ओठांवर तिनं ते दोन चमचे घातलं. अप्पा म्हणाले, चव नर्मदेसारखी आहे.

नवव्या दिवशी ते गेले.

तेराव्याला जेवणं झाल्यावर मीनलनं ती वही सरांच्या हातात दिली. सर ओसरीवर बसून वाचू लागले आणि मी त्यांच्या खांद्यावरून. प्रत्येक रविवारची नोंद होती आणि प्रत्येकापुढे गुण होते. एडिंबरो, सात, टेकडीची तुलना योग्य. स्टर्लिंग, सहा, बसमध्ये झोपले असावेत. ग्लेनको, सहा, पाहिलेलं नाही. बारावा दिवस, नऊ, पाहिलेलं आहे, काकडा खो, मक्याचं कणीस. होडीचा दिवस, नऊ, धरमपुरी, नावाड्याची दाढी पांढरी आहे. मग चार ओळी नुसतं धुकं. त्यांना गुण नव्हते. त्याखाली अक्षर फार वेडंवाकडं झालं होतं. 'ग्लेनको, फेरतपासणी. सहा खोडून साडेनऊ. ऐकलेलं आहे.' आणि शेवटच्या ओळीत 'घरी', एवढंच.

सरांनी वही मिटली. पुन्हा उघडली, तेच पान काढलं, पुन्हा मिटली.

महिन्याभरात त्यांची मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. फोन करतात, तिथल्या टेकड्यांची उंची सांगतात. पण मला ते आठवतात ते त्या तेराव्याच्या दुपारचे. धारहून निघाल्यावर ते म्हणाले, मांडवच्या रस्त्यानं घे. तो उलटा रस्ता होता, तरी मी घेतला. काकडा खो उन्हाळ्यात कोरडी पडली होती. दगड तापले होते, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सर कड्याशी उभे राहिले, काखेत छत्री, हातात वही.

"शिर्के, अर्धा कशाचा कापला असेल?"

"रुंदी मोजली नाही, त्याचा असेल."

त्यांनी ते मनात घोळवलं. "तेवढ्याला अर्धा जास्त होतो. अर्ज करता आला असता."

"मुख्य परीक्षकाकडे करावा लागतो, सर."

"माहीत आहे."

त्यांनी वही माझ्याकडे दिली आणि डाव्या मनगटावरचं घड्याळ सैल करून हातात धरलं, सेकंदकाटा दिसेल असं. मग घड्याळासकट एक टाळी वाजवली आणि मान तिरकी केली. मला गप्प राहायला सांगण्यासाठी एक हात वर धरला होता. मी बोलतच नव्हतो.